मदत हवी आहे: सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी आईला लॅक्युनर स्ट्रोक कसा?

खडकवासलेकर
आईच्या एमआरआयमध्ये 'लॅक्युनर इन्फार्क्ट' आलंय, म्हणजे बारीक रक्तवाहिनी बुजून मेंदूत खोलवर पडलेला छोटा डाग. कोलेस्टेरॉल नॉर्मल, मानेची डॉपलर नॉर्मल, टूडी इको नॉर्मल. मग झालं कशामुळे? डॉक्टर म्हणाले "वयोमानाने होतं" आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. गूगल करून झालंय, तेवढं सुचवू नका. जरा लवकर सांगा.

पेठेतला
वय? बीपी? शुगर? कुठली बाजू? हे आम्ही पत्रिकेत बघायचं का?

खडकवासलेकर
वय ६३. उजवा हात-पाय जड पडला होता, आता बराच सावरलाय. बोलणं-समजणं ठीक. शुगर थोडी. बीपीची गोळी चालू आहे. व्यसन शून्य.

निसर्गप्रेमी
रोज सकाळी दुधीचा रस. माझ्या मेव्हण्यांच्या सगळ्या नसा मोकळ्या झाल्या.

पेठेतला
दुधी कडू निघाला तर मेव्हणे थेट आयसीयूत. विषबाधा होते त्याने.

रिपोर्टवाचक
डॉपलर मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या बघते, इको हृदय. हा झटका मेंदूच्या आत खोलवर जाणाऱ्या केसासारख्या फांद्यांमधला. पर्वतीहून येणारी पाण्याची मोठी लाइन ठणठणीत असली तरी गल्लीतला नळ कोरडा असू शकतो, तसं. वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं की या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट बुजते, आणि त्यांना दुसरीकडून रक्त मिळायची सोय नसते. बीपी हे सगळ्यात मोठं कारण. मग मधुमेह, तंबाखू, वय. गुठळीने किंवा अडथळ्याने होणाऱ्या स्ट्रोकमध्ये साधारण पाव असेच असतात. डाग दीड-दोन सेंटीमीटरच्या आतला, पण हातापायाचे तंतू जिथे एकत्र येतात नेमका तिथे पडला की अख्खी बाजू जाते. 'गोळी चालू' कळलं, रीडिंग किती?

धायरीची_सून
गल्लीतला नळ म्हणे! आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी 'उशिरा व कमी दाबाने'.

बी१२भक्त
शाकाहारी आहेत का? बी-१२ कमी, मग रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं, तिथेच मूळ. बीपी-बीपी सगळेच करतात.

रिपोर्टवाचक
तपासा की, नाही कोण म्हणतंय? पण म्हणून बीपीला बगल देऊ नका.

विमावाले_काका
मेडिक्लेममध्ये बीपी आधीपासून असल्याचं लिहिलंय ना? नाहीतर क्लेम अडकेल.

खडकवासलेकर
क्लेमचं कोणी विचारलंय? आत्ता घरी मोजलं: १६८/९४. गोळी खाल्ली की चक्कर येते म्हणून ती मधूनमधून सोडते म्हणे, हे आज कळलं. शेजारचे म्हणतात रक्त पातळ करायची एक गोळी आहे, आणखी एक वाढवून घ्या. आणि मिश्री लावते, पण ते काही व्यसन नव्हे.

पेठेतला
मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच हो! दिवसातून किती वेळा?

खडकवासलेकर
सकाळी, जेवणानंतर, आणि मालिका लागली की.

रिपोर्टवाचक
झालं की मग. निकोटिनने बीपी चढतं. दुसरी गोळी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून नको. अशाच रुग्णांवरच्या २०१२च्या मोठ्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनला क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची दुसरी गोळी कायमची जोडून पुन्हा झटका येणं काही कमी झालं नाही, रक्तस्राव मात्र वाढला. सकाळ-संध्याकाळची रीडिंग लिहून न्या, चक्करेचं सांगा, गोळी बदलून मिळते. एचबीए१सी करा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर कळेल. घोरतात का तेही सांगा, झोपेत श्वास अडकत असेल तर बीपी आवरत नाही. आणि तोंड वाकडं झालं किंवा हात पुन्हा गळाला तर लगेच १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत देतात.

खडकवासलेकर
घोरते, भिंत हलते. उद्याच जातो. मिश्रीची डबी कुणी काढून घ्यायची ते सांगा, माझी हिंमत नाही.

धायरीची_सून
नातवाला पाठवा. आमच्याकडे तोच उपाय चालला.