महिला कुस्तीच्या गेमचा दुसरा भाग कशावर तोलावा? (रंबल रोझेस डबल एक्स) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या मित्रमंडळात दर महिन्याला एकजण जुना गेम घेऊन त्यावर नीट अभ्यास करून बोलतो. या वेळी माझी पाळी आहे आणि मी 'रंबल रोझेस डबल एक्स' घेतलाय. कोनामीने काढलेला, युक्सने बनवलेला, २००६चा, फक्त एक्सबॉक्स ३६०वर आलेला. पहिला भाग २००४च्या शेवटी प्लेस्टेशन २वर आला होता. दोन्ही पुन्हा खेळून झाले, वही भरली, पण दुसरा भाग पुढे गेला की मागे, हे काही ठरत नाहीये.

आधी आखाड्याचं. युक्स म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन व्यावसायिक कुस्तीचे 'स्मॅकडाउन' गेम वर्षानुवर्षं बनवणारी मंडळी, त्यामुळे पकडीत जीव आहे. पहिल्या भागात फक्त एकीला एक. दुसऱ्यात एका वेळी चौघी रिंगमध्ये उतरू शकतात, जोडीच्या लढती आहेत, एकीविरुद्ध दोघी आहेत, रस्त्यावरची मारामारी आहे, ऑनलाइनची सोय आहे. मागून कंबर धरून उचलून टाकतात तेव्हा अंगाचं वजन जाणवतं. दोघींनी मिळून डाव टाकला की हात आपोआप घट्ट होतो कंट्रोलरवर. एवढ्यावरच गुण द्यायचे असते तर दुसरा भाग सरळ जिंकला असता.

पण कथा गेली! पहिल्या भागात प्रत्येक मल्लिणीची स्वतःची गोष्ट होती. रेको हिनोमोटो आपल्या हरवलेल्या बहिणीच्या शोधात रिंगमध्ये येते आणि शेवटी ती बहीणच समोर उभी राहते, 'ईव्हिल रोझ' होऊन. शिवाय प्रत्येकीची दोन रूपं: एक सरळमार्गी, एक खलनायकी. डिक्सी क्लेमेट्सची सार्जंट क्लेमेट्स होते, रेकोची राउडी रेको. गोष्टी भडक आहेत, संवाद कच्चे आहेत, तरी ही मुलगी का लढतेय हे कळायचं. दुसऱ्या भागात रूपं ठेवली, कथा काढून टाकली. लोकप्रियता मिळवा, पैसे मिळवा, तोकडे कपडे घ्या, फोटो काढा. चेहरे कितीतरी देखणे झाले आणि माणसं हरवली, असं मला वाटतं.

हे मनाला का लागतं तेही सांगते. ही दोन रूपांची कल्पना जपानी महिला व्यावसायिक कुस्तीच्या, म्हणजे रिंगमधल्या कथा-कुस्तीच्या, रक्तातली आहे. १९८५च्या ऑगस्टमध्ये ओसाका-जो हॉलमध्ये मुलींची लाडकी नायिका चिगुसा नागायो आणि खलनायिका डंप मात्सुमोतो यांची केस पणाला लावून लढत झाली. नागायो हरली आणि रिंगमध्येच तिचं डोकं भादरलं. समोर बसलेल्या शाळकरी मुली धाय मोकलून रडत होत्या, कारण त्यांनी ती माणसं वर्षानुवर्षं पाहिली होती. तो अपमान कथेने कमावलेला होता. या गेममध्ये अपमानाची पट्टी भरते, मग कॅमेरा जवळ जातो आणि समोरची अवघडलेल्या अवस्थेत अडकते. हा डाव पहिल्या भागातही होता, पण आजूबाजूला कथा नसल्यामुळे दुसऱ्यात नुसतं तेवढंच उरतं.

माझी भाची पंधरा वर्षांची आहे, तीन वर्षं तालमीत जाते. परवा टेबलावरचं खोकं पाहून तिने विचारलं, "आत्या, यात बायका कुस्ती खेळतात?" मी ते उलटं करून ठेवलं. अमेरिकेत गेमवर १७ वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का आहे, तो योग्यच आहे. पण तिच्या प्रश्नाने मी अस्वस्थ झाले आहे.

तर मदत अशी हवी आहे:
१. खेळाची यंत्रणा सुधारली आणि कथा गेली, तर वजन कशाला द्यायचं?
२. कपडे-कॅमेऱ्याचा भाग वेगळा काढून मोजावा, की तोही गुणांतच धरावा?
३. भाचीला देता येईल असा, ज्यात मल्लिणी मल्लिणींसारख्या वागतात, असा गेम कोणता?

– आखाड्याकाठी

जुनी_कॅसेट:
ताई, वेगळा काढू नका. तो भाग यंत्रणेतच शिरलेला आहे. अपमानाचा डाव लढत जिंकून देतो, म्हणजे तो नियम झाला, नुसती सजावट नव्हे. कपड्यांचं मात्र मी वेगळं धरेन. जपानी मल्लिणींचे पोशाखही भडक असतात, त्याने कुस्ती कमी होत नाही.

आणि तारखा जवळ ठेवून पाहा. ऑगस्ट २००४मध्ये अथेन्सला ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती पहिल्यांदा आली, जपानच्या साओरी योशिदा आणि काओरी इचो यांनी सुवर्ण जिंकलं. थोड्याच महिन्यांत पहिला गेम आला. एप्रिल २००५मध्ये ऑल जपान विमेन्स ही १९६८पासूनची महिला व्यावसायिक कुस्तीची संस्था बंद पडली आणि पुढच्या वर्षी हा दुसरा भाग. मॅटवरची कुस्ती वर चढत होती आणि रिंगमधली मोठी परंपरा विझत होती. ही पार्श्वभूमी तुमच्या बोलण्यात यायलाच हवी.

सुप्लेक्स_सदाशिव:
मी थोडा असहमत आहे. चार मित्र एकत्र बसले की कथा कोण बघतं? आम्ही कॉलेजच्या खोलीवर हा गेम रात्र-रात्र खेळलोय. चौघींच्या लढतीत कोण कधी कोणावर उलटेल याची जी मजा आहे ती पहिल्या भागात नव्हतीच. एकट्याने खेळणाऱ्यासाठी मागे, चौघांसाठी पुढे, असे दोन निकाल द्या की. एकच आकडा कशाला?

भाचीसाठी: डब्ल्यूडब्ल्यूई २के२४ बघा. त्यात महिला मल्लासाठी स्वतंत्र कारकीर्द-कथा आहे. २के२५मध्ये तर स्त्री-पुरुष लढतीही आल्या. फक्त घरात आधी तुम्ही स्वतः खेळून पाहा.

आखाड्याकाठी:
दोघांचेही आभार. सदाशिवराव, दोन निकालांची सूचना पटली. मी एकटीनेच खेळत होते, म्हणून तो निम्मा गेम मला दिसलाच नव्हता. शनिवारी तिघा मैत्रिणींना बोलावते आहे. जुनी_कॅसेट, अपमानाचा डाव हा नियम आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं. आता प्रत्येक लढत कशाने संपली हे लिहून ठेवणार आहे: चितपट करून, डावाने शरण आणून, की त्या पट्टीने. वीस लढतींचा हिशेब झाला की इथेच टाकते.

भाचीला मी खोकं का उलटं केलं ते काल सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग त्या रेकोची गोष्ट तरी सांग." रेकोच्या बहिणीपर्यंत आले तेव्हा तिच्या तालमीची वेळ झाली. उरलेली आज रात्री.

कुणाकडे पहिला भाग चालू स्थितीत असेल तर एक विचारायचं आहे: ईव्हिल रोझची कथा खेळताना माझी डिस्क अडकते. ती कथा कुणी पूर्ण केली असेल तर रेकोशी तिची शेवटची लढत कशी होते ते सविस्तर लिहाल का? भाचीला मला अर्धवट सांगायचं नाहीये.