रात्री डोकं बंदच होत नाही. थेरपीने खरंच फरक पडतो का? (कोल्हापूर, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहितोच. वय ३८, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, घरी आई, बायको आणि तिसरीतली मुलगी. पगार वेळेवर, घरात भांडण नाही, बाहेरून बघितलं तर याला काही झालंय असं कुणालाच वाटणार नाही.

पण डोकं थांबत नाही. गेल्या मंगळवारचंच सांगतो. सेकंड शिफ्ट संपवून निघालो, तावडे हॉटेलपर्यंत आलो आणि मनात आलं, शेवटच्या लॉटच्या बोअरला माप बघायचं गेज नीट लावलं होतं का? लावलं होतं. रजिस्टरला माझी सही आहे, पेन अडलं म्हणून ती दोनदा गिरवली हेसुद्धा आठवतंय. तरी गाडी वळवली, परत जाऊन पंचवीस पीस तपासले, सगळे ओके. घरी पोचायला दीड वाजला आणि अंथरुणावर पडल्यावर नवीनच सुरू, मी परत आलो हे साहेबांना कळलं तर त्यांना वाटेल याचाच स्वतःच्या कामावर विश्वास नाही, मग अप्रेझल, मग नोकरी, असं करत साडेतीनपर्यंत मी मुलीची शाळासुद्धा बदलून बसलो होतो.

माझ्या मते हे २०१९ च्या पुरापासून आहे. आमचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला. शेजारचे सामान वर चढवत होते आणि मी आईला म्हटलं, काळजी करू नको, २००५ ला पण उंबऱ्याला लागून उतरलं होतं. रात्रीत पाणी घरात. आईची शिलाई मशीन पाण्याखाली गेली, त्याच मशीनवर तिनं आम्हा दोघा भावांची शिक्षणं केली होती. आई एका शब्दानं बोलली नाही मला. बोलली असती तर बरं झालं असतं असं आजही वाटतं.

तेव्हापासून पाऊस लागला की मोबाईलवर पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे इथं पोरासोरांना पाठ आहे, पण मी ३० फूट असतानाच रात्री तासातासाला उठून बघतो. २०२१ ला सामान वेळेत हलवलं, सगळं वाचलं, आणि तिथंच घोळ झाला, कारण मनानं पक्कं धरलं की एवढा विचार केलास म्हणून वाचलं. आता विचार करायचं थांबवलं की काहीतरी निसटणार असं वाटतं.

मित्र म्हणतो रंकाळा तलावाला दोन राउंड मार. मारतो, चालताना पण तेच सुरू. आईनं माघात माझ्यासाठी ज्योतिबाचे खेटे केले, म्हणजे रविवारी डोंगरावर चालत दर्शनाला गेली. सगळे सांगतात विचार करू नको, पण कसा करायचा नाही हे कुणी सांगत नाही. तर विचारायचंय हे, की थेरपीत नक्की करतात काय, नुसतं बोलून हे कसं कमी होतं, लगेच गोळ्या सुरू करतात का, आणि कोल्हापुरात जायचं तर आधी कुणाकडे? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

रंकाळाकाठची:
दादा, "थांबलो तर निसटेल" हे मी पण थेरपिस्टसमोर जवळजवळ असंच बोलले होते. मी शाळेत शिक्षिका आहे. एखाद्या पालकांचा फोन आला आणि आवाज जरा वेगळा वाटला की तीन दिवस गेलेच.

माझी सीबीटी झाली, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायची थेरपी, १४ सेशन. ही पद्धत ॲरन बेक या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात बसवली. तिच्या जवळचीच अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, ती मराठीत कि. मो. फडक्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून रुजवली, त्यामुळे आपल्याकडचे बरेच समुपदेशक मराठीतच हे छान समजावतात. नुसत्या गप्पा नसतात, गृहपाठ असतो. घटना काय, मनात आलं काय, त्याला पुरावा काय, असे वहीत रकाने पाडायचे. पालकांच्या फोनखाली पुराव्याच्या रकान्यात मला "आवाज" एवढंच लिहिता आलं, आणि त्यावर मी तीन दिवस उपाशी काढले होते.

दुसरं म्हणजे काळजीची वेळ. मला साडेपाच ते सहा दिली होती. दिवसभरात काही आलं की एका ओळीत लिहायचं आणि साडेपाचला बघू म्हणायचं. विचार दाबायचा नाही हं, दाबला की दुप्पट येतो, फक्त पुढे ढकलायचा. साडेपाचला वही उघडली की निम्म्या ओळी शिळ्या झालेल्या असायच्या. पहिले दोन आठवडे अजिबात जमलं नाही, हेही सांगते.

तुमचं परत जाऊन तपासणं आणि पातळी बघणं, यावर ते बहुतेक हळूहळू काम करतील. तपासलं की तेवढ्यापुरतं हलकं वाटतं, पण मनाला तीच सवय लागते. पूर खोटा आहे असं कुणी म्हणणार नाही, कोल्हापुरात कोण म्हणेल? पण ३९ ला काय हलवायचं, कुणाच्या घरी जायचं हे एकदा घरात बसून कागदावर ठरवणं वेगळं आणि ३० फुटाला रात्रभर जागणं वेगळं. पहिल्याला नियोजन म्हणतात. २०२१ ला तुमचं सामान त्यानं वाचवलं, जागरणानं नाही. एवढं एक वाक्य मला तुम्हाला सांगायचंच होतं.

उद्यमनगर१:
भावा, कुणाकडे जायचं ते सांगतो. गोळ्यांसाठी सायकियाट्रिस्ट, ते एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात. थेरपीसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, त्यांचं आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का बिनधास्त विचारायचं. सहा महिन्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस काळजी, वर झोप नाही, अंग आखडलेलं, असं असेल तर त्याला ॲन्झायटीचा आजार म्हणतात, तुझ्या स्वभावाचा दोष नव्हे. थायरॉईड पण तपासून घे, त्यानंही धडधड आणि बेचैनी होते. गोळ्या सगळ्यांना लागत नाहीत, लागल्याच तर बऱ्याचशा गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, चार दिवसांत सोडायच्या नाहीत आणि मनानं बंद करायच्या नाहीत.

पैशाचं बघायचं असेल तर सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचारची ओपीडी आहे, केस पेपर काढून जा. आणि आज रात्रीच कुणाशी बोलावं वाटलं तर टेली मानस हेल्पलाईन, १४४१६, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. जीव नकोसा वाटला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, लगेच लाव.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. जागरणानं नाही वाचलं हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली मी पण हेच सांगत होते, तुला ऐकू येत नव्हतं. काल १४४१६ ला लावला, वीस मिनिटं बोललो, त्यांनीही आधी डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे, बुधवारी संध्याकाळची वेळ घेतलीय. आईला अजून सांगितलं नाही, तिला वाटेल तिचंच काही चुकलं.

एकच विचारायचं राहिलं, पहिल्या वेळेला बायकोला आत नेलं तर चालतं का? एकट्याला नीट सांगता येईल असं वाटत नाही.

रंकाळाकाठची:
चालतं दादा. मी आईला घेऊन गेले होते. थोडा वेळ दोघींना बसवलं, मग तिला बाहेर थांबायला सांगितलं. गेज आणि पेनचं इथं लिहिलंय ना, तेच त्यांना वाचून दाखवा.