मदत हवी आहे: मुलाचा आयजीएफ-१ 'कमी' आलाय, म्हणजे उंची खुंटली का?

परळचा बाबा
नमस्कार मंडळी. मुलगा १३ वर्षे २ महिन्यांचा, उंची १४२ सेंमी. शिवाजी पार्कात नेट्सला जातो, फास्ट बोलर व्हायचंय. बरोबरीची पोरं आता त्याच्या डोक्यावरून पलीकडचं बघतात. गेल्या महिन्यात कोच गमतीत 'तू स्पिन टाक' म्हणाले, तर दोन दिवस पोरगं धड जेवलं नाही. शेवटी बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, त्यांनी रक्ततपासण्या लिहून दिल्या. थायरॉईड, हिमोग्लोबिन नॉर्मल. पण आयजीएफ-१ १२८ नॅनोग्रॅम प्रति मिली आलं आणि पुढे ठळक 'कमी' छापलंय. डॉक्टर गुरुवारी भेटणार, आणि रिपोर्ट आज व्हॉट्सॲपवर येऊन पडलाय. बायको रडकुंडीला आलीय.

आयजीएफ-१ म्हणजे 'इन्सुलिनसारखा वृद्धी घटक' म्हणे, हे काय प्रकरण? माझ्या आईला शुगर आहे, त्याचा काही संबंध? ग्रोथ हार्मोनच तपासायचं तर ते सोडून हे का तपासलं? आईचं म्हणणं, खरवस घाला पोराला, उंची वाढेल. आणि बिल्डिंगखालच्या जिमचा ट्रेनर हरणाच्या शिंगाचा स्प्रे आणून देतो म्हणतो, त्यात हेच आयजीएफ असतं म्हणे. कोणी जाणकार असेल तर कृपया सांगा.

गोरेगावचा तबेलेवाला
खरवसाचं मी सांगतो, बाकीचं शिकलेले सांगतील. चीक म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस येतो आणि तो आधी पारडाचा असतो. पारडू पिऊन उरला तर खरवस. उंचीसाठी न्यायला येणारे दर महिन्याला दोघं-तिघं असतातच. मी नाही म्हणत नाही, धंदा आहे. पण माझे दोन्ही मुलगे चिकावर वाढलेत आणि दोघंही माझ्याएवढेच, पाच फूट चार इंच.

सूक्ष्मदर्शी
मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे मुलाबद्दल नाही, रेणूबद्दल सांगते.

ग्रोथ हार्मोन पीयूषिका ग्रंथीतून झटक्याझटक्यानं सुटतं, सगळ्यात जास्त गाढ झोपेत. सकाळी लॅबमध्ये सुई टोचली त्या क्षणी ते जवळजवळ शून्यही असू शकतं, त्यामुळे तो एक आकडा बिनकामाचा. तेच हार्मोन यकृताला आयजीएफ-१ बनवायला लावतं. आयजीएफ रक्तात एकटं फिरलं तर काही मिनिटांत संपतं. पण बरंचसं आयजीएफ दोन प्रथिनांच्या मिठीत बसून फिरतं आणि तासन्‌तास टिकतं. म्हणून ते दिवसभर साधारण सारखं असतं आणि मोजायला सोपं पडतं. सकाळी ८:१४ची लोकल एकदा डोकावून गर्दी किती ते ठरवण्यापेक्षा महिन्याचे पास किती विकले ते मोजावं, तसं.

हे कळलं कसं, तो प्रयोग मला फार आवडतो. १९५७ साली सॅमन आणि डॉहडे यांनी पीयूषिका काढलेल्या उंदरांची कूर्चा (मऊ, लवचिक हाड) घेतली. कूर्चा वाढते तेव्हा गंधक शोषून घेते. तिच्यावर नुसतं ग्रोथ हार्मोन घातलं तर फारसं काही झालं नाही, धडधाकट उंदराचा रक्तद्रव घातला तर ती कामाला लागली. म्हणजे मधे कोणीतरी निरोप्या होता. तिकडे इन्सुलिनवाले वेगळ्याच वाटेनं चालले होते: रक्तातलं इन्सुलिन प्रतिपिंडांनी निष्प्रभ केलं तरी इन्सुलिनसारखं काम चालूच राहतं, ते कोण करतंय? १९७८ मध्ये झ्युरिकला रिंडरक्नेख्ट आणि हुंबेल यांनी त्याची साखळी वाचली. ७० अमिनो आम्लं, घडी इन्सुलिनच्या घराण्यातली. नाव तिथून आलं. आजींच्या शुगरवरून नातवाचा आकडा कमी आला, असा अर्थ काढू नका.

आता तुमच्या काळजीचा मुद्दा. १९९९ मध्ये फक्त यकृतातलं आयजीएफ-१ बंद केलेले उंदीर तयार केले. रक्तातलं प्रमाण सुमारे ७५ टक्के घटलं, तरी उंदीर जवळजवळ नेहमीएवढेच मोठे झाले, कारण हाडाच्या टोकाशी, वाढ होते तिथेच, आयजीएफ बनत राहतं. रक्तातला आकडा म्हणजे उंचीची टेप नव्हे.

परळचा बाबा
मॅडम, पास आणि लोकल एकदम डोक्यात बसलं. '-१' आहे म्हणजे '-२' पण आहे का?

सूक्ष्मदर्शी
आहे, आणि त्याचा मुख्य मोसम गर्भातला. गंमत म्हणजे गर्भात त्या जनुकाची आईकडून आलेली प्रत गप्प बसते, फक्त वडिलांकडची चालते. १९९१ मध्ये उंदरांत वडिलांकडची प्रत बिघडवली, तर पिल्लं नेहमीच्या सुमारे ६० टक्के वजनाची जन्मली. तीच बिघडलेली प्रत आईकडून आली तर काहीच फरक नाही. सासूबाईंना सांगायला बरं.

विषय निघालाच आहे तर सकाळी शिवाजी पार्कात कुत्री बघा. एका साखळीला पॉमेरेनियन, दुसरीला ग्रेट डेन. २००७ मध्ये कळलं की छोट्या जातींच्या कुत्र्यांत आयजीएफ-१ जनुकाचं एकच रूप सर्रास सापडतं आणि राक्षसी जातींत जवळजवळ नाहीच. २०२२ मध्ये तोच छोटेपणाचा बदल सायबेरियातल्या ५४,००० वर्षं जुन्या लांडग्यात मिळाला.

स्प्रे घेऊ नका. आयजीएफ प्रथिन आहे, गिळलं की वरणातल्या प्रथिनासारखं पचून जातं. खेळाडूंना त्यावर बंदीही आहे. पोराला पुढे खेळायचंय ना? इंजेक्शन खरंच आहे. लॅरॉन सिंड्रोममध्ये ग्रोथ हार्मोन भरपूर असतं, पण ते झेलणारा रिसेप्टरच बिघडलेला असतो, त्यामुळे आयजीएफ बनत नाही. अशा मुलांसाठी अमेरिकेत २००५ मध्ये ते मंजूर झालं. पण ते इन्सुलिनचं भावंड, साखर खाली आणतं. जिमवाल्याच्या हातचं काम नाही.

खरवसाबद्दल तबेलेवाल्यांशी सहमत. चिकात साध्या दुधापेक्षा आयजीएफ बरंच जास्त असतं, आणि गाईची साखळी तर माणसाच्या साखळीशी तंतोतंत जुळते. पण आपण चीक वाफवतो आणि मग पचवतो. दूध मात्र वाया जात नाही. डेन्मार्कमध्ये ८ वर्षांच्या मुलांना आठवडाभर रोज दीड लिटर दूध दिलं तर त्यांच्या रक्तातलं आयजीएफ वाढलं, तेवढंच प्रथिन मांसातून दिलेल्यांचं नाही वाढलं. ते दुधातलं आयजीएफ नसून त्यांच्याच शरीरानं बनवलेलं होतं असं मानतात. कमी खाल्लं तर आयजीएफ घसरतं, हे मात्र नक्की. ते दोन दिवस धड जेवला नाही, ते कधी?

खिडकीतली चिमणी
आम्ही यातून गेलोय म्हणून दोन प्रश्न. एक, रिपोर्टवर जी मर्यादा छापलीय ती फक्त वयाप्रमाणे आहे की वयात येण्याच्या टप्प्याप्रमाणे? तेराव्या वर्षी काही मुलांना मिसरूड फुटलेलं असतं, काही अजून पोरंच असतात. आयजीएफ वयात येताना उसळतं, दोघांना एकच पट्टी लावून कसं चालेल? आमच्या लॅबनं तर चक्क मोठ्या माणसांची मर्यादा छापली होती, आठवडाभर झोप नाही. दोन, बाबा, तुम्ही स्वतः कधी वाढलात?

परळचा बाबा
मर्यादा वयाप्रमाणेच आहे, टप्प्याचा उल्लेख कुठेच नाही. रक्त दिलं ते रुसव्यानंतर आठ-दहा दिवसांनी, तेव्हा जेवत होता.

मी? दहावीच्या ग्रुप फोटोत मी पहिल्या रांगेत मांडी घालून बसलोय, पाटी धरून. कॉलेजच्या पहिल्या वर्षात एका मे महिन्यानंतर सगळ्या पँटी घोट्याच्या वर गेल्या. आज पाच फूट आठ. हे डॉक्टरांना सांगायचं सुचलंच नव्हतं.

खिडकीतली चिमणी
उशिरा वाढणं बरेचदा घराण्यातच असतं. गुरुवारी सगळ्यात आधी हेच सांगा. तो फोटोही न्या.

परळचा बाबा
गुरुवारचं अपडेट. फोटो नेला, डॉक्टर हसले. डाव्या हाताचा एक्सरे काढला, त्यात हाडांचं वय ११ आलं, म्हणजे हाडं वयाच्या दोन वर्षं मागे, वाढ अजून बाकी. मुलगा अजून वयात यायला लागलेला नाही, त्या टप्प्याच्या मर्यादेत १२८ बसतं म्हणाले. औषध काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा उंची मोजायची, वाढीचा वेग कमी दिसला तर पुढच्या तपासण्या. जेवण, झोप, आणि स्प्रे बंद (सुरूच केला नव्हता, पण त्यांनी निक्षून सांगितलं).

आईनं काल खरवस केला. पोरानं तीन वड्या खाल्ल्या. आता तो कधीही वाढला तरी श्रेय कुणाला जाणार ते ठरलंय.

गोरेगावचा तबेलेवाला
जायला हवंच. वेलची घातली होती की जायफळ?