आळस म्हणण्याआधी खांदा आणि मन तपासा

पक्षाघाताने हात लुळा पडलेल्यांबद्दल ‘इच्छाशक्ती कमी पडते म्हणून पेशंट व्यायाम सोडतात’ असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं, थकवा असतो तो वेगळाच. हे डॉक्टरांना सांगायला हवं, नुसता धीर देऊन भागत नाही. खांदा दुखत असेल तरी माणूस हात हलवायचं टाळतो. उठवताना लुळा हात धरून ओढला की ते दुखणं हमखास वाढतं.

बाकी ‘हात 20 वेळा वर करा’ यात कुणाला रस वाटणार? त्याऐवजी काम द्या, तेही पेशंटने स्वतः निवडलेलं. शर्टाचं बटण लावायचंय? आधी मोठ्या बटणांचा शर्ट टेबलावर पसरून, जमलं की अंगात घालून. जोडीला मोजमाप हवंच. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात बाटलीची झाकणं टाकायची आणि मिनिटभरात किती पडली ते कॅलेंडरवर लिहायचं. रोजचा आकडा वरखाली होतो, तेव्हा तुलना आठवड्याची करा. पहिल्या 3 ते 6 महिन्यांनंतर सुधारणेचा वेग मंदावतो आणि नेमके तिथेच लोक सोडतात. डोळ्यांना न दिसणारा फरक तेव्हा या आकड्यांत दिसतो.

सलग तासभर नको, 10-15 मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या पुरतात.

आणि घरच्यांची घाई! बटणाला दहा मिनिटं लागली तरी पेशंटला स्वतःलाच लावू द्या.