ऑक्टोबरभर रोज रात्री एक भयपट: पाहावा की नाही?

अंधारखोली
३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनपर्यंत रोज रात्री एक भयपट, १ तारखेपासून. अमेरिकेत हे आता चांगलंच रुळलं आहे आणि इथली मराठी घरंही त्यात उतरली आहेत. माझं मत स्पष्ट आहे: एकतीसच्या एकतीस रात्री पाहावेत, पण यादी सप्टेंबरातच करून ठेवावी.

दुसऱ्या आठवड्यात सोडून देणाऱ्यांचं गणित बहुतेकदा इथेच फसतं. जेवणं आटोपली की "आज काय लावू" म्हणून अर्धा तास शोधाशोध, मग दोन तासांचा सिनेमा, आणि झोपायला साडेबारा. सरासरी १०० मिनिटं धरली तर ३१ चित्रपटांचे जवळपास ५२ तास होतात. ते नीट वाटावे लागतात. कामाच्या दिवशी ८० मिनिटांच्या आतले लावा. जुन्यांत असे भरपूर आहेत: 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) ७० मिनिटं, 'कॅट पीपल' (१९४२) ७३, 'हाउस ऑन हॉन्टेड हिल' (१९५९) ७५, 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२) ७८. 'द शायनिंग'ची अमेरिकी आवृत्ती १४४ मिनिटांची आहे. ती मंगळवारी लावली की बुधवार बुडालाच.

क्रम सालवार ठेवा. सलग पाहण्याचा खरा फायदा तोच, कारण एकेका युक्तीची वंशावळ दिसते. 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी चाललेली असते. मागून येणारा पावलांचा आवाज मध्येच थांबतो. ती कावरीबावरी होऊन मागे पाहते, पावलं भराभर टाकते, आणि अचानक फिस्सकन आवाज करत पडद्यावर येते ती साधी बस. निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावावरून या युक्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. हे पाहिल्यावर पुढच्या पन्नास वर्षांतल्या फसव्या दचक्यांकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. महिन्यातून एखादाच पाहणाऱ्याला हा धागा सापडत नाही.

सातच्या_आत
अजिबात सहमत नाही. अभ्यास म्हणून ठीक, पण मग त्याला भयपट पाहणं म्हणू नका.

दचकणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे आणि तीच ती चिथावणी पुन्हा पुन्हा मिळाली की ती बोथट होते. शांतता, कॅमेरा हळूहळू दाराकडे, मग धाडकन आवाज. दहाव्या रात्रीपर्यंत प्रेक्षक मनातल्या मनात आकडे मोजायला लागतो. चांगला चित्रपट अशा वेळी वाया जातो, आणि पहिल्यांदा पाहण्याची संधी परत मिळत नाही.

दुसरं झोपेचं. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, म्हणून वाईट स्वप्नं पहाटेकडे पडतात आणि जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. एका रात्रीचं जागरण भरून निघतं, सलग महिनाभराचं नाही. माझ्या मते तेरा चित्रपट पुष्कळ झाले: पहिले तीन आठवडे शुक्रवार-शनिवार, आणि उरलेले शेवटच्या आठवड्यात रोज.

अंधारखोली
बोथटपणा येतो तो एकाच जातीचे चित्रपट ओळीने लावल्यामुळे. सुरीवाल्या खुन्याचे चार एकापाठोपाठ पाहिले तर कोणीही कंटाळेल. एक भुताचा, एक राक्षसाचा, एक मूकपट, एक मानसिक, अशी आलटापालट केली तर मोजायला आकडेच सापडत नाहीत. त्यातही दिवसाउजेडी घाबरवणारे दोन-तीन हवेतच. आपला 'लपाछपी' (२०१७) घ्या. उसाच्या फडात दिशाच कळत नाही, आणि त्यासाठी काळोख लागत नाही.

झोपेचा मुद्दा मान्य, पण त्यावर इलाज वेळेचा आहे. न्यू जर्सीत १ ऑक्टोबरला साडेसहानंतर लगेच सूर्य मावळतो, महिनाअखेरीस तर सहाच्या आत. साडेसातला लावला तर नऊला मोकळे. मग तासभर भांडी, उद्याचे डबे, एखादं हलकं पुस्तक. सिनेमा संपल्या संपल्या दिवा घालवून पडू नका, एवढंच पथ्य.

ध्वनिलहर
रोज की तेरा, यावर भांडण्याआधी टीव्ही बघा. भयपट फिका वाटतो याचं निम्मं कारण खोलीत असतं.

१. मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्हीने स्वतःहून मधल्या फ्रेम घालणं, बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. ते चालू राहिलं की सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो निवडा.

२. खोली पूर्ण काळी करू नका. टीव्हीच्या मागे भिंतीवर पडेल असा मंद पांढरा दिवा ठेवा. डोळ्यांवर ताण येत नाही आणि पडद्यावरचा काळा रंग अधिक काळा भासतो. समोरचा दिवा मात्र बंदच, नाहीतर अंधाऱ्या दृश्यात स्वतःचा सोफा दिसतो.

३. आवाजाचा 'नाइट मोड' टाळा. तो मोठा आवाज दाबतो आणि लहान वर आणतो, म्हणजे दचक्याचा जीवच काढून घेतो. शेजाऱ्यांची अडचण असेल तर हेडफोन लावा. संवाद ऐकू येत नसतील तर साउंडबारचा मधला चॅनल दोन-तीन डेसिबल वाढवा.

४. प्रिंट तपासा. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) ऐनवेळी नाव बदलताना कॉपीराइटची ओळ गळाल्यामुळे अमेरिकेत सर्वांना मोकळा झाला. म्हणून त्याच्या फुकट पण चिखलासारख्या प्रती जागोजागी पडल्यात. मूळ निगेटिव्हवरून केलेली फोर-के आवृत्ती शोधा, करड्या छटा तिथेच दिसतात. 'तुंबाड' (२०१८) कमी वेगाच्या इंटरनेटवर पाहू नका. पावसातला तो काळपट उजेड पट्ट्यापट्ट्यांत फुटतो. ब्लू-रे नसेल तर निदान सर्वांत वरचा दर्जा निवडून पाहा.

आणि 'हॅलोविन' (१९७८) पूर्ण रुंदीत, वर-खाली काळे पट्टे येतील असाच. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने त्यातल्या खुन्याला, मायकल मायर्सला, वारंवार चौकटीच्या कडेला उभं केलंय. पडदा भरावा म्हणून झूम केलं की नेमका तोच कापला जातो. कडा कापून पाहणं ही त्या चित्रपटाची हेळसांड आहे, मला खरंच वाईट वाटतं.

सातच्या_आत
हे सगळं मान्य, उलट माझाच मुद्दा बळकट झाला. एवढी निगुती करायची तर ती तेरा रात्री होते. एकतिसाव्या रात्रीपर्यंत लोक फोनवरच पाहायला लागतात.

एडिसनकर
दोघेही घरात मुलं नाहीत असं धरून बोलताय. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला "ते खोटं आहे" सांगून उपयोग नसतो. त्या वयात दिसणं हेच सत्य. मुखवटा भयंकर दिसला की तो भयंकरच. थोडी मोठी मुलं उलट शक्य वाटणाऱ्या गोष्टींना घाबरतात: घरात शिरलेला चोर, पळवून नेणं. जोॲन कॅन्टर यांनी मुलं आणि पडद्यावरची भीती यावर अनेक वर्षं संशोधन केलं. अशी भीती काहींच्या मनात मोठेपणापर्यंत टिकते, असं त्यात दिसलं.

मूल झोपलंय म्हणून निश्चिंत राहू नका. चित्र भिंतीतून जात नाही, पण किंकाळी आणि सबवूफरची घरघर जाते. एकतीस रात्री ती ऐकवणं मला पटत नाही. मुलं असतील तर रोजचा कार्यक्रम हेडफोनवरच, नाहीतर आठवड्यातून दोनदाच.

सणांचंही बघा. २०२४ मध्ये महाराष्ट्रात नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. पहाटे अभ्यंगस्नानाला उठायचं असेल तर आदल्या रात्री दोन तासांचा 'एक्झॉर्सिस्ट' लावू नये. पंचांग पाहून त्या रात्री रिकाम्या सोडा.

अंधारखोली
हेडफोनचं आणि पंचांगाचं घेतलं. सणाच्या रात्री सोडून जितक्या उरतील तितक्या रोज. तेरावर मात्र येणार नाही. तेरांत मूकपट पहिला गळतो. 'नोस्फेराटू' (१९२२) सुटीच्या संध्याकाळी कोणी निवडत नाही, तो बुधवारच्या रांगेतच पाहिला जातो. तो घेताना प्रतीची लांबी तेवढी बघा. मूकपट कोणत्या वेगाने चालवलाय त्यावर मिनिटं बदलतात, आणि फार वेगात धावणाऱ्या प्रतीत त्यातला रक्तपिपासू काउंट ओर्लोक भीतिदायक दिसतच नाही.

एडिसनकर
३१ तारखेचं राहिलं. अंधार पडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत गोळ्या मागायला मुलं येतात, दर पाच मिनिटांनी बेल. तेवढ्या वेळात काही लावू नका. गोळ्या संपल्या की पोर्चचा दिवा घालवा, मग कोणी येत नाही. नऊला 'हॅलोविन' सुरू केला तर ९१ मिनिटांत, साडेदहाला संपतो.

सातच्या_आत
त्या रात्रीबद्दल वाद नाही. माझ्या तेरांतही शेवटचा तोच आहे.