मानसिक रुग्णांच्या खोल्या बांधून राहिलो, पंखा अन् दाराचं काय करू?

गिट्टी_रेती, यवतमाळ जिल्हा
नमस्कार मंडळी. मी छोटा ठेकेदार, घरं नि गोदामं बांधतो. आता एका संस्थेच्या जुन्या बिल्डिंगीत मानसिक रुग्णांसाठी सहा खोल्यांचं काम आलं. डॉक्टर म्हणाले, पेशंटले स्वतःले इजा करता येईन असं काही नको, बाकी तुम्ही पाहून घ्या. पण मे महिन्यात आपल्याइकडे पारा ४५ च्या वर जाते, पंख्याशिवाय माणूस राहीन कसा? खिडक्यांले गज लावू का? कोणी असं काम केलं असन तर सांगा, चुकीचं करायचं नाही मले.

सिस्टर_वर्धा
भाऊ, मी मनोरुग्ण वॉर्डात अकरा वर्षं ड्यूटी करून राहिली. आधी बाथरूम पाहा. खोलीत आमची नजर असते, तिथं नसते. नळ बटणाचे, पाइप भिंतीत, हुक असा की वजन आलं की खाली सुटला पाहिजे, आरसा काचेचा नको, स्टीलचा लावा. आणि दारं दोन्हीकडे उघडणारी ठेवा. आमच्या जुन्या वॉर्डात बाथरूमचं दार आतच उघडायचं, एका रात्री एक पोरगी दाराला पाठ लावून बसली आणि आम्ही चौघी दहा मिनिटं ढकलत होतो. पोरगी वाचली, पण तेव्हापासून कुठंही गेली की मी आधी दाराचे कब्जे पाहते.

कूलर_डक्ट
सीलिंग फॅन नकोच. कूलर बाहेरच्या भिंतीले ठेवा, हवा डक्टनं आत घ्या, आतून बारीक छिद्राची जाळी भिंतीच्या लेव्हलले, स्क्रू साध्या पेचकसानं निघणार नाही असे. समोरच्या भिंतीत वर हवा निघाले वाट ठेवजा, नाहीतर खोली नुसती दमट होईन अन् गारवा नाही. वायर एकही उघडी नको, बटणं खोलीबाहेर.

धाकट्याचा_भाऊ
माझा लहान भाऊ दोन महिने भरती होता. गज पाहून म्हणे, दादा मले जेलात कायले टाकलं? गजाऐवजी लॅमिनेटेड काच लावा, फुटली तरी तुकडे सुटे होत नाहीत. अन् आग लागली तर सगळी कुलपं स्टाफले झटकन उघडता आली पाह्यजे. तामिळनाडूत एरवाडीले मनोरुग्णांच्या आश्रमात ६ ऑगस्ट २००१ ले आग लागली, साखळीनं बांधलेले २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळी अन् एकांत कोठडी दोन्ही बंद केल्या, म्हणून कोणी कोठडी मागितली तर बांधू नका भाऊ. माझा भाऊ आता बरा आहे, मन जड झालं की १४४१६ वर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनले फोन लावते, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

गिट्टी_रेती
लय उपकार सगळ्यांचे. गजाची ऑर्डर थांबवली, मागं मोठा कडुनिंब आहे, खोल्यांच्या खिडक्या तिकडंच काढतो. बाथरूमचं दार नकाशात आतच उघडते, ते आजच बदलतो. सिस्टर, रात्री नजर ठेवाले दिवा लागन, मग पेशंट झोपन कसा?

सिस्टर_वर्धा
पायाकडं भिंतीत मंद पिवळा दिवा बसवा, डोळ्यावर येत नाही. दारातल्या काचेला बाहेरून झाकण लावा, आम्ही पाहतो तेवढंच उघडतो.