मालदीव: नऊ डाइव्ह झाल्यात, ऑगस्टमध्ये कुठे राहू?

पाणकोंबडी: तारकर्लीला ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, केला. ऑगस्टमध्ये आठ दिवस मालदीवला जातेय, सोबत आई. तिला पोहता येत नाही. मांटा (पंखांसारखे कल्ले पसरून पोहणारा मोठा रे मासा) आणि व्हेल शार्क दोन्ही बघायचेत, रिसॉर्ट परवडत नाही. कुठे राहू?

निळाई: व्हेल शार्कसाठी दिगुरा बेट, दक्षिण आरी अटॉलमधलं (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं). तिथे ते वर्षभर असतात. मी तिथल्या गेस्ट हाऊसमध्ये राहिले. मांटांसाठी बा अटॉलमधली हनिफारू खाडी. मे ते नोव्हेंबर हंगाम. तिथे टाकी लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल, म्हणजे नळीने श्वास घेत पृष्ठभागावर पोहणं. वाईट वाटून घेऊ नकोस! मांटा तोंड वासून प्लवक गिळत माझ्या इतक्या जवळून गेला की आतले कल्ले मोजता आले असते.

एक कळकळीने सांगते. माझ्या पहिल्याच डाइव्हला गाईडने थेट चॅनेलमध्ये, म्हणजे अटॉलच्या कड्यातल्या खोल वाटेत, नेलं. प्रवाह असा, की खडकाला धरलेली बोटं सोलली आणि अर्ध्या तासात हवा संपत आली. आधी शांत रीफवर (प्रवाळ खडकावर) एक डाइव्ह मागून घे. नाही म्हणाले तर दुसरं सेंटर बघ.

सागरगोटा: शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास ठेव, सीप्लेनलाही तेच. शुक्रवारी बेटांदरम्यानची सरकारी फेरीबोट बहुतेक नसतेच. आईंना नाश्त्याला मासहुनी दे: टूना, ओलं खोबरं, कांदा, सोबत रोशी, म्हणजे आपली पोळीच.

पाणकोंबडी: आई मासे खाते, खूश झाली. दिगुरा पाच रात्री, बा तीन.